फरशी चांगलीच होती, वहिनी

वहिनी,

काल मठाच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. अध्यक्ष म्हणून मी वीस मिनिटं बोललो आणि त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. कर्नाटकातल्या भालकीकडच्या खेड्यातून तुम्ही सून म्हणून आमच्या घरी आलात, भूकंपात दादा गेल्यावरही माहेरी परतला नाहीत, पुढं सगळं आयुष्य दर सोमवारी लोकांना आपल्या लिंगायत शरणांची वचनं वाचून त्यांचा अर्थ सांगत राहिलात, हे सगळं सांगितलं. लोक माना हलवत होते. मठाचे सेक्रेटरी बसलिंगप्पा डोळे पुसत होते. मी खाली उतरलो. जे सांगायला पाहिजे होतं त्याच्या आसपासही मी गेलो नव्हतो.

त्या माइकवर ते बोलता आलं नसतं. म्हणून इथं बोलतोय.

तुम्हाला समाधी देताना खड्ड्यात मीच उतरलो होतो. आपल्या रीतीप्रमाणं तुम्हाला मांडी घालून बसवलं, कपाळाला विभूती लावली, डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. तुमची मान सारखी एका बाजूला कलत होती. स्वामीजींचे मंत्र संपेपर्यंत मी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. वर माणसांची गर्दी होती आणि माझ्या मनात एकच गोष्ट येत होती, की तुमच्यासमोर इतका वेळ न हलता मी कितीतरी वर्षांनी बसलो होतो.

भूकंपानंतरचे ते पत्र्याचे शेड तुम्हाला शेवटपर्यंत आठवायचे. मी तेव्हा लातूरला डाळ मिलमध्ये हिशेबनीस होतो, म्हणून वाचलो. गावी आलो तर घराच्या जागी दगडांचा ढीग होता आणि तुम्ही त्याच्यासमोर एका चेपलेल्या पेटीवर बसला होतात. पेटीत दोन वह्या होत्या. तुमच्या वडिलांनी हातानं उतरवून काढलेली शरणांची वचनं, सगळी कानडीत. दादाचा सदरा मिळाला नाही, लग्नातला फोटो मिळाला नाही, वह्या तेवढ्या कोरड्या मिळाल्या.

शेडमध्ये दुपारी तुम्ही त्या वाचत बसायच्या. शेजारच्या शेडमध्ये सरूबाई होती, वेशीबाहेरच्या वस्तीतली. तिची दोन लेकरं गेली होती. ती महिनाभर कुणाशी बोलली नव्हती. एके दिवशी येऊन तुमच्याजवळ बसली आणि म्हणाली, "काय वाचून राहिल्या काकू? मोठ्यानं वाचा की."

तुम्ही म्हणालात, "कानडी हाय गं. तुला कळायचं न्हाई."

"न्हाई कळू द्या. वाचा."

तुम्ही वाचलंत. मग तुमच्या त्या मराठीत अर्थ सांगितलात. 'तो' आणि 'ती' यांत तुमची कायम गल्लत व्हायची, देवाला तुम्ही ती म्हणायच्या आणि भाकरीला तो. सरूबाईला त्याचं हसू आलं. लेकरं गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली, हे तिनंच मला मागं सांगितलं. दुसऱ्या दिवशी चार बायका आल्या, आठवड्याभरात वीस-पंचवीस. त्या पत्र्याखाली कोण कुठल्या गल्लीतलं हे कुणी विचारत नव्हतं. तुम्ही नुसता अर्थ सांगून थांबत नव्हता. "आता तुला काय वाटलं ते सांग," असं एकेकीला विचारायच्या आणि तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत पुढचं पान उलटायच्या नाहीत. तुम्ही त्या बायकांना काय दिलंत ते मला तेव्हा समजलं नाही. मी पत्रे मोजण्यात आणि यादीत नावं घालण्यात गुंतलो होतो. पुढारीपण माझं तिथूनच सुरू झालं.

मग नवं गाव वसलं. रस्ते सरळ झाले, घरं सिमेंटची झाली, आणि वस्ती पुन्हा वेशीबाहेरच आखली गेली. मी नवीन मठ बांधून घेतला, मोठा हॉल घातला, अध्यक्ष झालो. मला वाटायचं, आता धर्माचं शिक्षण गावात चांगलं रुजेल. तुम्हाला विचारलं, "वहिनी, वर्गाला काय काय पाहिजे सांगा. हार्मोनियम आणू? छापील पुस्तकं आणू?"

तुम्ही म्हणालात, "भाऊजी, मला काही नको. तुम्ही येऊन बसा. तुम्ही बसला की लोक बसतात. तुमचं काम एवढंच हाय."

मी चार सोमवार बसलो. ते चार सोमवार विसरणं शक्य नाही. पहिल्या दिवशी मी सतरंजीवर बसलेला दिसल्यावर किराणा दुकानवाला शटर अर्धं ओढून आला. दुसऱ्या सोमवारी ग्रामपंचायतीचे तीन मेंबर आले. चौथ्याला हॉलमध्ये जागा नव्हती, माणसं दारात उभी राहून ऐकत होती. एका वचनावर तुम्ही मलाच विचारलंत, सगळ्यांदेखत, "भाऊजी, तुम्हाला काय वाटलं?" मी अडखळलो आणि म्हणालो, "मला कळलं नाही, वहिनी." हॉल हसला. तुम्ही मात्र खूश झालात. घरी येताना म्हणालात, "आज खरा वर्ग झाला. अध्यक्षाला कळलं न्हाई म्हणल्यावर आता कुणालाच लाज वाटायची न्हाई."

पाचव्या सोमवारी लातूरहून बाजार समितीतल्या माणसाचा फोन आला आणि मी उठलो. दारात वळून पाहिलं तर माझ्या ओळीतली निम्मी माणसं उठून चपला शोधत होती. तुम्ही वाचायच्या थांबला होतात. रागानं नाही, नुसतं बघत होतात. त्यानंतर दर सोमवारी मला काहीतरी काम निघालं. दोन महिन्यांत बाप्या माणूस वर्गाला दिसेना.

जिथं मी जात नव्हतो तिथं मी वस्तू पाठवू लागलो. लाउडस्पीकर पाठवला. वचनपाठांतराची स्पर्धा ठेवली, मांडव घातला, सगळ्या तालुक्याला जेवण दिलं. पहिली आलेली मुलगी लातूरला क्लासला असायची, तिनं चाळीस वचनं न थांबता म्हटली. ढाल देताना तुम्ही तिला विचारलंत, "बाळ, शेवटच्याचा अर्थ काय गं?" ती म्हणाली, "अर्थ सिलॅबसमध्ये नव्हता, आजी." सगळे हसले, मीही हसलो. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात. घरी तुमचं माझं भांडण झालं. मी म्हणालो, आधी तोंडपाठ होऊ द्या, अर्थ मागून येईल. तुम्ही म्हणालात, "मागून कोण आणणार हाय?" मी जेवायला बसलो.

आता ते. जे काल बोललो नाही ते.

वर्गात माणसं कमी झाल्यावर तुम्ही सरूबाईला आणि वस्तीतल्या बायकांना पुन्हा बोलावलंत. त्या रानातल्या कामावरून थेट यायच्या. तुम्ही त्यांना पुढं बसवायच्या, कारण त्या प्रश्न विचारायच्या. तीन सोमवार झाले आणि कमिटीची बैठक लागली. वस्तीचं नाव कुणी घेतलं नाही. बसलिंगप्पा म्हणाले, "अण्णा, बायका चिखलाच्या पायानं येऊन राहिल्या. नवी फरशी खराब होतेय." दुसरा एक जण म्हणाला, "हाव, फरशीचं बघाया पाहिजे." सगळे फरशीवर बोलत होते आणि सगळ्यांना समजत होतं. मलाही. त्या वेळी मी एवढंच म्हणायला पाहिजे होतं, की पुढच्या सोमवारी मी सरूबाईच्या शेजारी बसणार आहे. माझ्यासमोर कुणाची हिंमत झाली नसती. मी म्हणालो, "दुरुस्तीला काढू." दुसऱ्या दिवशी हॉलला कुलूप लावलं आणि दारावर कागद चिकटवला.

सोमवारी तुम्ही वह्यांची पिशवी घेऊन गेलात आणि परत आलात. हॉलच्या खिडकीतून फरशी बघितली असणार. मी जेवत होतो. तुम्ही विचारलंत, "फरशीला काय झालंय?"

"वहिनी, समाज सांभाळून घ्यावा लागतो."

तुम्ही माझ्या ताटात भाकरी वाढलीत, वाटी सरकवलीत. मग म्हणालात, "मी इतकी वर्षं शिकवून राहिले, लोकांना थोडं थोडं कळत होतं. तुम्ही एका दिवसात शिकवलंत, भाऊजी. सगळ्या गावाला एकदम कळलं."

आवाज चढला नव्हता. नुसती माहिती दिल्यासारखं बोललात आणि हात धुवायला गेलात.

पुढच्या सोमवारपासून तुम्ही सरूबाईच्या अंगणात वर्ग घ्यायला लागलात. आपल्या समाजातल्या आठ-दहा जणी पहिल्यांदा तुमच्या मागं आल्या. दुसऱ्या सोमवारी तीन. मग कुणी नाही. त्यांना कुणी मनाई केली नव्हती, त्यांनी फक्त मी कुठं जातो आणि कुठं जात नाही ते पाहिलं. महिन्याभरानं मी कुलूप काढलं आणि तुम्हाला म्हणालो, "दुरुस्ती झाली, वहिनी, परत या." तुम्ही विचारलंत, "काय दुरुस्त झालं?" मी वस्तीत नव्या सतरंज्या पाठवून दिल्या. तुम्ही त्या ठेवून घेतल्यात, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. परत पाठवल्या असत्या तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

तुम्ही माझ्याशी अबोला धरला नाहीत, यानं मला जास्त त्रास झाला. माझ्या पथ्याचं तुम्हीच बघायच्या. पोरीच्या लग्नात चार दिवस पाटा सोडला नाहीत. मी बाजार समितीची निवडणूक हरलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "बरं झालं, आता सोमवार मोकळा." चेष्टेत म्हणालात, पण माझ्या तोंडाकडे बघत होतात.

डोळे अधू व्हायला लागल्यावर तुम्ही एकच गोष्ट मागितलीत. गावात कानडी वाचणारं आता कुणी उरलं नव्हतं. म्हणालात, "मी वाचून अर्थ सांगते, तुम्ही मराठीत लिवून घ्या. न्हाई तर दोन-चार जणांना अक्षरं शिकायला बसवा. तुमचं ऐकतील." मी कमिटीत ठराव घेतला. कानडी वाचनाचा वर्ग सुरू करावा, एकमताने मंजूर. रजिस्टरमध्ये आजही आहे. वर्गाला कोण बसणार असं बसलिंगप्पांनी विचारलं तेव्हा प्रत्येकानं दुसऱ्याच्या सुनेचं नाव सुचवलं. मी स्वतःचं नाव दिलं नाही. लिहून घ्यायला मात्र दोन संध्याकाळी बसलो. अकरा पानं झाली. मग सोयाबीनची आवक सुरू झाली आणि मी म्हणालो, दिवाळी झाल्यावर बसू. तुम्ही म्हणालात, "बसू." दिवाळी झाली, संक्रांत झाली. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. मी ते बरं मानलं.

आणि मग लातूरचा दवाखाना. अर्धांगाचा झटका आला त्यात तुमचं मराठी गेलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, मागून शिकलेली भाषा आधी जाते. पन्नास वर्षं माझ्याशी ज्या भाषेत बोललात तिच्यातलं काहीच राहिलं नाही, 'भाऊजी' सुद्धा. तुम्ही माझा हात धरून कानडीत बोलत होतात. सरळ, सावकाश, मला समजतंय असं धरून. मी "हो वहिनी, हो वहिनी" म्हणत होतो. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, आणि तुम्ही चुलीची राख पसरून तिच्यावर बोटानं मला अर्धी मुळाक्षरं शिकवली होती. अर्ध्यावर मीच पळून गेलो. त्यातलं मला एवढंच आठवत होतं, की 'ओदु' म्हणजे वाचणं. तुमच्या बोलण्यात तो शब्द सारखा येत होता. कुणी वाचायचं, काय वाचायचं? मी वाचून दाखवावं असं म्हणत होतात, की मी वाचलं नाही म्हणून बोलत होतात? उदगीरच्या एका ओळखीच्या माणसाला फोन करून बोलावलं, त्याला कानडी येत होतं. तो एसटीनं येईपर्यंत तुम्ही बोलायच्या थांबला होतात.

त्याच दिवशी दुपारी सरूबाई आली. दाराशी उभी राहिली आणि मला विचारलं, "आत येऊ का अण्णा?" दवाखान्यातही तिनं मलाच विचारलं. ती तुमच्या पायाशी बसली आणि कानडीत वचन म्हणायला लागली. तिला अक्षर वाचता येत नाही, कानानं धरलेलं ते सगळं, उच्चार तिच्या पद्धतीनं वाकडे. तुमचे ओठ हलले, वहिनी. आवाज नव्हता, पण तिच्याबरोबर हलत होते. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो आणि माझ्याजवळ तुम्हाला ऐकवायला एक ओळही नव्हती.

काल शोकसभा संपल्यावर कमिटी बसली. तुमच्या वह्या काचेच्या कपाटात ठेवायच्या, वर तुमचा फोटो, रोज हार घालायचा, असं ठरलं आणि वह्या लगेच ठेवल्याही. मीही हो म्हणालो. रात्र जाऊ दिली आणि आज सकाळी वह्या कपाटातून काढून घेतल्या. बसलिंगप्पा म्हणाले, "अण्णा, फाटून-बिटून जातील." मी म्हणालो, "जाऊ द्या."

आज सोमवार होता. दिवस कलल्यावर मी वस्तीत गेलो. इतक्या वर्षांत सरूबाईच्या अंगणात पहिल्यांदाच गेलो. नऊ बायका बसल्या होत्या. मला बघून सगळ्या उठून उभ्या राहिल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, "सरूबाई, हॉलमध्ये चला सगळ्या. मी स्वतः पुढं बसतो. कोण काय म्हणतं ते मी बघतो."

सरूबाई म्हणाली, "आता कशाला, अण्णा? हॉलात काय काकू बसल्यात का?"

मग तीच म्हणाली, "बसा इथंच. आलासा तर बसा."

मी बसलो. वह्या मांडीवर होत्या, मला त्या उघडायचं धाडस झालं नाही. सरूबाईनं एक वचन म्हटलं, बाकीच्या तिच्यामागं म्हणाल्या. माझ्या कानाला तो नुसता सूर होता. म्हणून झाल्यावर एक तरुण सून म्हणाली, "ह्याचा अर्थ काकूंनी सांगितला हुता. हात रिकामे केल्याबिगर देव हाताला लागत न्हाई."

तिच्या शेजारची म्हणाली, "असं न्हाई गं. काकू म्हनल्या, कामात असलेल्या हातालाच देव लागतो. रिकाम्या हाताला काय लागतंय?"

"मी सवता ऐकलंय."

"मग मी काय झोपले हुते?"

दोघी भांडत नव्हत्या. दोघींनाही खरंच जाणून घ्यायचं होतं. सरूबाईकडे बघितलं तर ती म्हणाली, "मला सूर पाठ हाय. अर्थ मी दर बारीला काकूंनाच इचारायची." मी लिहून घेतलेल्या अकरा पानांत यातला एकही अर्थ आला नव्हता. मी वहीच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून बसलो होतो. दोन्ही अर्थ मला खरे वाटत होते, आणि ते एकमेकांच्या अगदी उलट होते. त्यातला तुमचा कोणता, ते मला माहीत नव्हतं. कुणाला तरी विचारावं म्हणून मी मान वर केली, तर त्या नऊही बायका माझ्याकडे बघत होत्या. मी अध्यक्ष होतो. त्यांना वाटलं, मला ठाऊक असेल.